अवधाण

काखेत किंवा जांघेत दुखरी गाठ उठली की आमच्या लहानपणी तिला अवधाण म्हणत. पायात काटा मोडून पिकला, की जांघेत अवधाण. बोटाला नखुरडं झालं, की काखेत अवधाण. आजी तव्यावर मीठ भाजून त्याची पुरचुंडी करी, तिने शेक देई आणि म्हणे, "चौकीदार जागा झालाय, निजेल चार दिवसांत." तिचं शरीरशास्त्र शाळेत शिकलेलं नव्हतं, पण त्यात चूक काढायला जागा नाही. अंगात जे शिरायला नको ते शिरलं, की ते अडवायचं, गाळायचं, साठवून ठेवायचं, हे काम लसिकाग्रंथी करतात. आणि हाताची नि छातीची बरीचशी गाळणी काखेतच असते. मग तो काटा असो, जंतू असो, कर्करोगाच्या पेशी असोत. सिलिकॉनही त्यात येतं, हे मात्र मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

माझी थोरली बहीण दुधनीला असते. सिल्वासाहून खानवेल आणि खानवेलहून वळणावळणांनी पुढे गेलं की मधुबन धरणाचं पाणी दिसू लागतं, तेच दुधनी. आता तिथे पर्यटकांसाठी होड्या आहेत, सुटीच्या दिवशी सुरत-वापीच्या गाड्यांची रांग लागते. ताई लग्न होऊन गेली तेव्हा यातलं काही नव्हतं. ती मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका. दादरा-नगर हवेलीत मराठी माणसाला राहावं लागतं तशी ती चार भाषांत राहत आली आहे: घरात मराठी, बाजारात गुजराती, कचेरीत हिंदी आणि वर्गातल्या पोरांशी वारली. सूनही पारडीकडची गुजराती. ती ताईला 'मम्मी' म्हणते आणि मला 'मासी'. आता गंमत पाहा, चार भाषा येणाऱ्या या बाईला ज्या अवयवाचं दुखणं झालं, त्याचं नाव चारचौघांत मोकळेपणाने घेता येईल असा शब्द चारांपैकी एकीतही सापडेना. गावाच्या नावात दूध आहे, तरी! 'छाती' म्हणायचं आणि हात गळ्याखाली मोघम फिरवायचा, एवढीच सोय.

२००४ साली ती एक्केचाळीस वर्षांची होती. डाव्या बाजूला गाठ लागली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या. केमोथेरपी झाली, केस गेले नि आले. हे सारं सासरी सर्वांना ठाऊक होतं. सासूबाईंनी पथ्यपाणी केलं, दिरांनी रक्त दिलं. त्या घराला मी कधीही नावं ठेवणार नाही.

ताईचं खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं, आणि ते फळ्यासमोर. खडू धरून हात वर केला की ब्लाउजमधली कापसाची घडी गळ्याकडे सरके. मुलांकडे वळण्याआधी ती नीट करायची, म्हणजे दर ओळीला. मग तिने कापडाची पिशवी शिवून तिच्यात राई भरली. वजन बरोबर आलं, आकारही आला. पण खानवेल-दुधनीचा पाऊस तो! जुलैमध्ये घामाने नि ओलीने त्या राईला मोड आले. हे मला सांगताना ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसण्याचंच होतं असं मी धरून चालले.

एका बाजूचं वजन गेलं की खांदा चढतो, पाठ धरते, असं डॉक्टर म्हणाले होते. पाठीचं ते निमित्त होतं. तिला वर्गात उभं असताना स्वतःचा विसर पडायला हवा होता, बस्स. नटण्यामुरडण्याशी त्याचा काही संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा शस्त्रक्रियेचं नाव काढलं की आपल्याकडे पहिला शब्द उमटतो तो 'या वयात?' हाच.

प्लॅस्टिक सर्जननी दोन वाटा सांगितल्या. एक, पोटाचं किंवा पाठीचं स्वतःचंच मांस-कातडं आणून तिथे बसवायचं. दुसरी, सिलिकॉनची पिशवी. पहिली वाट जुनी आणि एका अर्थी आपल्याच मुलखातली. १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलवान टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्यात एका माणसाने (इंग्रजांनी त्याची जात विटा करणाऱ्यांची म्हणून नोंदवली आहे) त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचं, तो कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची आणि भुवयांमधला एक पट्टा जोडलेला ठेवून ती खाली फिरवायची. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिगत चित्रासह छापून आली आणि तिकडचे सर्जन ती वाचून कामाला लागले. स्तनाच्या बाबतीतही सुरुवातीची नोंद स्वतःच्याच देहाची आहे. १८९५ मध्ये जर्मनीतल्या चेर्नी नावाच्या सर्जननी एका बाईच्या अंगावरची चरबीची निरुपद्रवी गाठ काढून ती तिच्या छातीतल्या रिकाम्या जागी बसवली. गाठीचा असा सदुपयोग मी दुसरा ऐकलेला नाही.

दुसरी वाट १९६२ ची. अमेरिकेत ह्यूस्टन इथे क्रोनिन आणि गेरो या सर्जननी टिमी जीन लिंडसी या बाईंना पहिल्यांदा सिलिकॉन-जेलच्या पिशव्या बसवल्या. बाई गेल्या होत्या अंगावरचं गोंदण काढून घ्यायला! सिलिकॉन मुळात वाळूतल्या गारेपासून निघालेला पदार्थ. तेलासारखा पातळ करा, जेलीसारखा थलथलीत करा, रबरासारखा चिवट करा. पोटातल्या गॅसच्या गोळीत असतं ते सायमेथिकोनही त्याच कुळातलं. ते शरीरात सहसा कशाशी संयोग पावत नाही, म्हणून निर्धोक, असं तेव्हा धरलं गेलं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या पिशव्यांवर बंधन आणलं: हौसेसाठी बंद, कर्करोगातून उठलेल्या बायकांना मात्र देखरेखीखाली मोकळीक. १९९९ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने सांगितलं, की सिलिकॉनमुळे सर्वांगाचे आजार होतात याला पटण्याजोगा पुरावा नाही. खरा त्रास जागच्या जागी होणाऱ्या गुंतागुंतींचा आहे, आणि तो थोडाथोडका नाही. २००६ मध्ये बंधन उठलं.

ताईने सिलिकॉन घेतलं. पोटाची मोठी शस्त्रक्रिया म्हणजे लांबलचक अंथरूण, आणि तेवढ्या रजेचं कारण काय सांगणार? इथे आधी छातीच्या स्नायूखाली एक रिकामी पिशवी ठेवतात, दर खेपेला सुईने तिच्यात थोडं थोडं मिठाचं पाणी भरत कातडी ताणून घेतात आणि मग कायमची पिशवी बसवतात. मी तेव्हा बोरिवलीला होते. प्रत्येक खेपेला ती 'तपासणी' म्हणून वापीहून गाडी पकडून माझ्याकडे उतरे. २००६ च्या मे महिन्यात काम पुरं झालं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिने फळा वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात केली.

भावोजींना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. तिसऱ्याला नाही. कर्करोगाची शस्त्रक्रिया एका रुग्णालयात झालेली, हे काम दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये. त्यामुळे कागदही दोन जागी राहिले. जाड फाइल कपाटात, सर्वांना दिसेल अशी. आणि पिशवीचा क्रमांक, आकार, कंपनी लिहिलेलं तळहाताएवढं कार्ड शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांखाली. २०१३ मध्ये भावोजी वारले. त्या कार्डाचा ठावठिकाणा जाणणारं घरात ताईशिवाय कुणी उरलं नाही.

२०१९ च्या श्रावणात तिच्या डाव्या काखेत गाठ लागली.

सून तिला वापीला घेऊन गेली. डॉक्टरांनी जाड फाइल वाचली: डावा स्तन काढलेला, काखेतल्या ग्रंथी काढलेल्या. तरीही काही ग्रंथी मागे राहतातच, आणि तिथे पुन्हा गाठ याचा पहिला अर्थ कुणीही जो लावेल तोच त्यांनी लावला. त्यांनी ब्लाउज काढायला सांगितलं, तर सून शेजारी उभी. 'तू जरा बाहेर थांब' हे ताईला म्हणता येईना. कामावरून रजा टाकून इतक्या मायेने घेऊन आलेल्या पोरीला बाहेर कसं घालवायचं? तिने बाही वर करून काख तेवढी दाखवली. सुईने नमुना घेतला गेला, कागदावर रोग परतल्याचा संशय लिहिला गेला आणि केमोची भाषा सुरू झाली. पंधरा वर्षांनी.

सुनेचा मला रात्री फोन आला. "मासी, मम्मी जमतां नथी," एवढंच म्हणाली आणि रडू लागली. जेवत नाही, म्हणजे ताईने आवराआवर सुरू केली आहे, हे मी ओळखलं. आईनेही असंच केलं होतं. ताईला फोनवर घेऊन मी विचारलं, "त्यांना सांगितलंस का?" ती म्हणाली, "काय सांगू? त्याचा याच्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त होता. पिशवी फुटू शकते हे तिला बसवतानाच सांगितलं होतं; पण फुटली तर छाती बसेल, दिसेल, असा तिचा समज. छाती तर होती तशीच होती. मी म्हटलं, फाइल घे, काचपट्ट्या घे आणि मुंबईला ये.

मुंबईच्या रुग्णालयात वापीच्या काचपट्ट्या पुन्हा पाहायला गेल्या. तिसऱ्या दिवशी, ताईला तपासायच्या आधीच, पॅथॉलॉजीच्या डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. चष्मा कपाळावर चढवलेला. आम्हा तिघींकडे पाहून त्यांनी सरळ विचारलं, "यांना तिथे काही बसवलंय का?"

सून घाईने म्हणाली, "ना ना, मॅडम. कढावेलुं छे, बेसाडेलुं नथी."

मग ताई बोलली. सुनेकडे न पाहता, डॉक्टरबाईंना. "हो. २००६ मध्ये. सिलिकॉन."

सून काही बोलली नाही. तिने ताईच्या मांडीवरची पर्स उचलून स्वतःच्या खांद्याला लावली आणि हळूच विचारलं, "मम्मी, दुखे छे?"

काचपट्टीत कर्करोगाची एकही पेशी नव्हती. होत्या त्या शरीरातल्या सफाईच्या पेशी, अनेक एकत्र होऊन राक्षसी आकाराच्या झालेल्या, आणि त्यांच्या पोटात पोकळ्या. काही पोकळ्यांत काचेसारखं चकाकणारं, कुठलाच रंग न घेणारं काहीतरी. पुढे एमआरआय झाला तेव्हा उलगडा झाला. परकी वस्तू घराबाहेर घालवता येत नसेल तर शरीर तिच्याभोवती भिंत घालतं. हे आवरण प्रत्येकीत तयार होतं. कुणाकुणात ते आवळत जाऊन छाती दगडासारखी कठीण होते, किरणोपचार झाले असतील तर अधिकच. ताईचं आवरण मऊ राहिलं होतं, पण आतली रबरी पिशवी केव्हातरी फाटली होती. जेल त्या भिंतीच्या आतच राहिल्याने आकार बदलला नाही, दुखलं नाही, काही कळलं नाही. फाटून जेलमध्ये कोसळलेल्या पिशवीच्या वळ्या एमआरआयमध्ये दिसतात. पाश्चात्त्य डॉक्टरांनी त्यांना लिंग्विनी या चपट्या इटालियन शेवयांचं नाव दिलंय. आमच्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "या पाहा, खिरीतल्या शेवया." आम्हाला ते लगेच समजलं. तेव्हापासून घरात शेवयांची खीर झालेली नाही ही गोष्ट वेगळी.

भिंत कितीही पक्की असो, पाझर असतोच. पिशवी धड असली तरी अगदी सूक्ष्म प्रमाणात तो चालू असतो. पाझरलेलं सिलिकॉन सफाईच्या पेशी उचलतात आणि काखेतल्या चौकीत नेऊन टाकतात. तिथे ते पचत नाही, संपत नाही. ग्रंथी फुगते. सोनोग्राफीत ती हिमवादळासारखी दिसते म्हणतात. हिमवादळ आपण कुठलं पाहिलेलं असणार. पण पावसाळ्यात दुधनीच्या पाण्यावर धुकं उतरलं की पलीकडचा काठ पुसून जातो, तसा त्या गाठीमागचा सगळा भाग पुसला जातो. पेट स्कॅनमध्ये तर अशी गाठ उजळूही शकते, कारण कर्करोग उजळतो तशी सूजही उजळते. म्हणून निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीच. उलट बाजूही सांगायला हवी: पिशवी बसवलेली आहे म्हणून गाठ सिलिकॉनचीच, असं घरच्या घरी ठरवणं जिवावर बेतेल. ताईचीसुद्धा एक गाठ पुरती काढून तपासली, तेव्हाच डॉक्टर निर्धास्त झाले.

इतक्यात सुनेने मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि तिचा चेहरा पुन्हा उतरला. त्याच वर्षी जुलैमध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाच्या आपल्या पिशव्या जगभरातून परत बोलावल्या होत्या. अशा पिशव्यांभोवतीच्या आवरणात क्वचित एक कर्करोग उगवतो. तो स्तनाचा नव्हे, लसिकापेशींचा. १९९७ मध्ये त्याचा पहिला रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला, २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सावध केलं, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला स्वतंत्र रोग म्हणून मान्यता दिली. बहुधा आठ-दहा वर्षांनी एका बाजूला अचानक पाणी साचतं, सूज येते. ते पाणी नुसतं काढून टाकून द्यायचं नसतं, या रोगासाठी म्हणून तपासायला पाठवायचं असतं. वेळेत ओळखलं तर पिशवी नि आवरण समूळ काढल्यावर बहुतेक जणी बऱ्या होतात. २०२२ मध्ये याच आवरणात आणखी काही फार दुर्मीळ कर्करोग आढळल्याची सूचनाही निघाली. ज्यांना काही त्रास नाही त्यांनी घाबरून पिशव्या काढून घ्याव्यात असं मात्र प्रशासनाने म्हटलेलं नाही.

त्या वेळी प्रश्न एवढाच होता, की ताईची पिशवी कुठली? तिने भाच्याला फोन लावून सांगितलं, "मशीनच्या खणात, बॉबिनांखाली बघ." दहा मिनिटांत कार्डाचा फोटो आला. दुसरी कंपनी, गुळगुळीत पृष्ठभाग. आणि तो लसिकापेशींचा रोग जवळजवळ सगळा खरखरीत पिशव्यांभोवतीच आढळलेला. अशा रीतीने भाच्यालाही कळलं. त्यावर तो आजतागायत काही बोललेला नाही. फोटोखाली त्याने फक्त 'हेच का?' असं लिहिलं होतं. फ्रान्समध्ये २०१० साली पी.आय.पी. नावाच्या कंपनीने पिशव्यांत वैद्यकीय दर्जाचं सोडून कारखान्याच्या कामाचं सिलिकॉन भरल्याचं उघडकीला आलं, तेव्हाही जगभरच्या लाखो बायकांची हीच धावपळ झाली: आपली कुठली? ज्यांच्याकडे कार्ड होतं त्यांना उत्तर मिळालं.

फाटलेली पिशवी आवरणासकट काढली. आवरण, भोवतीचं पाणी, सगळं तपासलं गेलं. वाईट काही निघालं नाही. काखेतल्या बाकीच्या गाठी तशाच ठेवल्या आहेत, त्रास नसेल तर त्यांच्या मागे लागू नये म्हणतात. सर्जननी दोन्ही वाटा पुन्हा सांगितल्या. ताई म्हणाली, "आता कशाला? फळा आता पांढरा झालाय, मुलंच लिहितात." सुनेने तिला सुती दोऱ्याची विणून एक गादी करून दिली आहे, आत मऊ भरण. राईपेक्षा बरी, असं ताईचं मत.

पिशवी घेतली यात तिचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. तेरा वर्षं ती वर्गात निवांत उभी राहिली, याचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ही वस्तू जन्मभराची नसते. बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करून पिशवी शाबूत आहे ना ते बघावं, अशी आता अमेरिकेच्या औषध प्रशासनाची शिफारस आहे. पण जी गोष्ट घरात कुणाला ठाऊकच नाही, तिच्यासाठी दुधनीहून वापीला 'कशाला' म्हणून जायचं?

आता दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये आहेत. सुनेने वर मोठ्या अक्षरांत गुजरातीत लिहिलंय: 'डाबी बाजु सिलिकोन हतुं. २००६मां मूक्युं, २०१९मां काढ्युं. बगलनी गांठमां हजी छे.' खाली ताईने तेच मराठीत लिहिलं आहे, 'डाबी' वाचून एखादा मराठी डॉक्टर अडायला नको म्हणून. शाळेतल्या बाईंचं अक्षर ते, खोलीच्या दारातूनही वाचता येतं.